हायपरलेजर फॅब्रिक की हायपरलेजर बेसू? आडनाव एक, स्वभाव अगदी उलटे

'आपण हायपरलेजरवर करू' असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, कुठलं हायपरलेजर? कारण त्या नावाचं एकच सॉफ्टवेअर असं काही नाहीये. लिनक्स फाउंडेशनने डिसेंबर 2015 मध्ये सुरू केलेला हा ब्लॉकचेनच्या (अनेकांनी मिळून ठेवायच्या सामायिक खातेवहीच्या, म्हणजे लेजरच्या) ओपन सोर्स प्रोजेक्ट्सचा गट आहे (2024 पासून एलएफ डिसेंट्रलाइज्ड ट्रस्टच्या खाली गेलाय) आणि त्यातले फॅब्रिक आणि बेसू हे दोघं नेहमी एकमेकांत मिसळले जातात. दोन्ही फुकट, दोन्हींचं लायसन्स अपाचे 2.0, दोन्हींवर कंपन्यांचं खाजगी नेटवर्क उभं करता येतं, त्यामुळे घोळ होणं साहजिकच आहे.

फॅब्रिकचा सुरुवातीचा कोड आला आयबीएम आणि डिजिटल अ‍ॅसेटकडून, गो भाषेत लिहिलेला, 1.0 व्हर्जन 2017 मध्ये. त्यात कुठलंही नाणं नाही, मायनिंग नाही. बेसू जावात लिहिलेलंय, आधी त्याचं नाव पँथियन होतं, कॉन्सेन्सिसच्या पेगासिस टीमने बनवलेलं, 2019 मध्ये हायपरलेजरमध्ये आलं. आणि मुख्य म्हणजे बेसू हा इथेरियम या सार्वजनिक ब्लॉकचेनचा क्लायंट (तिचं नेटवर्क चालवणारं सॉफ्टवेअर) आहे, म्हणजे तेच सॉफ्टवेअर इथेरियमच्या पब्लिक मेननेटवरही (मुख्य खुल्या नेटवर्कवर) चालतं आणि तुमच्या चार कंपन्यांच्या बंद नेटवर्कवरही. फॅब्रिकचं असं कुठलं पब्लिक नेटवर्क नाहीच.

पण खरा फरक कळायचा तर एका व्यवहाराचा प्रवास बघायचा. समजा दोन कंपन्यांच्या सामायिक गोदामात एका मालाचे 100 नग आहेत आणि दोन माणसांनी जवळजवळ एकाच वेळी आपापली ऑर्डर टाकली, एकाने 30, दुसऱ्याने 20.

फॅब्रिकमध्ये तुमचं अ‍ॅप आधी ठरलेल्या संस्थांच्या पीअर्सकडे (लेजरची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरकडे) प्रस्ताव पाठवतं, ते चेनकोड (व्यवहाराचे नियम लिहिलेला प्रोग्राम) चालवून बघतात आणि 'मी 100 वाचले, आता 70 लिहायचे' असं सही करून परत देतात, या वेळी लेजरमध्ये काहीच बदललेलं नसतं. मग ते सगळं ऑर्डररकडे जातं, तो आत काय आहे याची चिकित्सा करत नाही, फक्त क्रम लावून ब्लॉक बनवतो. शेवटी प्रत्येक पीअर तपासतो की सह्या पुरेशा आहेत का आणि जो आकडा वाचला होता तो अजून तोच आहे का. दुसऱ्या माणसानेही 100च वाचलेले, पण तोवर ते 70 झाले, म्हणून त्याचा व्यवहार 'एमव्हीसीसी रीड कॉन्फ्लिक्ट' (वाचलेला आकडा मध्येच बदलला) म्हणून बाद. माल शिल्लक असूनही बाद! वर तो ब्लॉकमध्ये राहतो, फक्त अवैध असा शिक्का बसून, आणि पुन्हा पाठवायचं काम तुमच्या अ‍ॅपचं. एकाच नोंदीवर सतत लिहायचं असेल तर डिझाइन बदलावंच लागतं, एक आकडा कमी करत बसण्यापेक्षा प्रत्येक हालचालीची वेगळी नोंद ठेवायची आणि बेरीज नंतर करायची.

बेसूमध्ये हा प्रश्नच येत नाही. दोन्ही व्यवहार ब्लॉकमध्ये एकामागोमाग लागतात, प्रत्येक नोड (नेटवर्कमधला एकेक कॉम्प्युटर) ते त्याच क्रमाने स्वतः चालवून बघतो, आधी 70, मग 50, झालं. पण त्याची किंमत अशी की प्रत्येक नोडला सगळंच चालवावं लागतं, म्हणजे सगळ्यांना सगळं दिसतंही.

आणि इथेच बहुतेकांचा निर्णय व्हायला हवा असं माझं मत आहे. वेग वगैरे नंतर बघा, आधी विचारा की कुणापासून काय लपवायचंय. फॅब्रिकमध्ये त्यासाठी चॅनल आहेत, प्रत्येक चॅनलचं लेजरच वेगळं, पण 10 कंपन्यांमध्ये प्रत्येक जोडीला वेगळं चॅनल द्यायला गेलात तर 45 चॅनल होतात, मग सांभाळा. म्हणून प्रायव्हेट डेटा कलेक्शन वापरतात, मूळ माहिती ठरलेल्या संस्थांकडेच आणि बाकीच्यांकडे फक्त हॅश (माहितीवरून काढलेला ठसा, त्यावरून मूळ माहिती थेट उलगडत नाही). यात एक खाच आहे, दर किंवा नग अशी अंदाज करता येण्यासारखी रक्कम असेल तर कुणीही आकडे लावून लावून हॅश जुळवू शकतो, म्हणून त्यात रँडम सॉल्ट (हॅश काढायच्या आधी मिसळायचा यादृच्छिक मजकूर) घालायलाच हवा. बेसूमध्ये खाजगी व्यवहारांसाठी टेसेरा नावाचा वेगळा प्रोग्राम जोडायची सोय होती, पण बेसूने ती पुढे मोडीत काढायचं ठरवलं, तेव्हा नवीन काम त्यावर उभं करू नका. ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेने ड्रेक्स या डिजिटल चलनाचा पायलट बेसूवर केला, तिथेही प्रायव्हसी हाच अवघड भाग ठरला.

नोड पडले तर काय, तेही वेगळंय. फॅब्रिकचा राफ्ट (ऑर्डररनी क्रमावर एकमत करायची पद्धत) 3 ऑर्डररमध्ये 1 बंद पडलेला चालवून घेतो, पण एखादा लबाडी करेल हे तो गृहीतच धरत नाही (3.0 मध्ये त्यासाठी स्मार्टबीएफटी आलंय). बेसूचं क्यूबीएफटी (त्याची एकमताची पद्धत) लबाडीही सोसतं, पण 1 बिघडलेला चालवून घ्यायला किमान 4 व्हॅलिडेटर (ब्लॉक मंजूर करणारे नोड) लागतात, 3 वर भागवायचा मोह टाळा. गॅसला (इथेरियमवर व्यवहार चालवायच्या फीला) घाबरू नका, खाजगी नेटवर्कवर त्याची किंमत शून्य ठेवता येते.

माणसांचं म्हणाल तर सॉलिडिटी (इथेरियमवरचे कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे प्रोग्राम, लिहायची भाषा) येणारे लोक आणि तयार टूल्स भरपूर आहेत, टोकन काढायचं असेल किंवा उद्या पब्लिक चेनशी जोडायचं असेल तर मी डोळे झाकून बेसू घेईन. फॅब्रिकमध्ये गो, जावा किंवा नोड.जेएस चालतं, पण सर्टिफिकेट, एमएसपी (कोण कुठल्या संस्थेचा सदस्य हे ठरवणारी व्यवस्था), पॉलिसी यांची जुळवाजुळव करायला कुणीतरी कायमचं बसलेलं लागतं आणि हे बजेटमध्ये कुणी धरत नाही.

कोड बदलायची वेळ आली की फॅब्रिक 2.0 पासून संस्थांनी नवीन चेनकोडला मंजुरी द्यावी लागते, डिफॉल्टला बहुमत. बेसूवर चढवलेलं कॉन्ट्रॅक्ट बदलत नाही, म्हणून पुढे प्रॉक्सी (येणारं काम नव्या कॉन्ट्रॅक्टकडे वळवणारं मधलं कॉन्ट्रॅक्ट) ठेवतात आणि तिची अ‍ॅडमिन की एकाच कंपनीकडे असेल तर बाकीच्यांनी नोड चालवून उपयोग काय, हा प्रश्न करारावर सही करायच्या आधीच विचारून घ्या.