आधी समज, मग बोलणं: आमच्या संवाद-वर्गाची माहिती (पालक आणि शिक्षकांसाठी)

संवाद-वर्गात नाव घालताना बहुतेक पालक एकच अपेक्षा सांगतात: चारचौघांत धीटपणे बोलता यायला हवं. धीटपणा येतो, पण तो शेवटी येतो. आम्ही सुरुवात करतो ती विषय समजून घेण्यापासून. मूल अडखळतं तेव्हा बऱ्याचदा सांगायची गोष्टच त्याच्या डोक्यात अर्धवट असते. पाठ केलेल्या भाषणात हे झाकून जातं. एक वाक्य विसरलं की पुढचं सगळं विस्कटतं, आणि कुणी मध्येच ‘असं का?’ विचारलं तर उत्तर सापडत नाही. म्हणून लिहून दिलेली भाषणं आम्ही वर्गात वापरत नाही. घरूनही देऊ नका.

वर्गाची रचना

एका तुकडीत १६ मुलं, एकूण १२ सत्रं, प्रत्येक सत्र ७५ मिनिटांचं. एका विषयाला तीन सत्रं मिळतात. पहिल्यात तो समजून घ्यायचा, दुसऱ्यात सांगायचा, तिसऱ्यात दुरुस्त करून वेगळ्या श्रोत्याला पुन्हा सांगायचा. १२ सत्रांत चारच विषय होतात. कमी वाटतील, पण तिसरं सत्र गाळलं तर हाती फारसं काही लागत नाही. आपलं बोलणं समोरच्याला कुठे कळलं नाही हे मुलाला दुसऱ्या सत्रात समजतं, आणि ते सुधारायची संधी त्याला तिसऱ्यात मिळते.

विषयाचे चार भाग करतो आणि मुलांचे चार गट. गटातल्या चौघांकडे चार वेगळे भाग. एकच भाग मिळालेली चार मुलं आधी एकत्र बसून २५ मिनिटं त्याचा अभ्यास करतात, मग आपापल्या मूळ गटात परत जाऊन प्रत्येकी सहा मिनिटांत तो इतरांना समजावतात. ही पद्धत एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांमध्ये आणली. तिची ताकद साधी आहे. माहिती एकाकडेच असल्यामुळे बाकीच्या तिघांना ऐकावं लागतं, आणि कळलं नाही तर विचारावंच लागतं.

ही पद्धत हमखास फसते ती टिपणांमुळे. मुलं वहीत खाली मान घालून वाचून दाखवतात आणि ऐकणारी उतरवून घेतात, म्हणजे पुन्हा घोकंपट्टीच. त्यामुळे समजावताना वही मिटलेली असते. सोबत एक स्वतः काढलेलं चित्र आणि जास्तीत जास्त पाच शब्द, एवढंच. दुसरी अडचण गैरहजेरीची. एक मूल आलं नाही की गटाचा एक भागच जातो, मग शेजारच्या गटातल्या मुलाला तो दोन्हीकडे सांगावा लागतो. न येणं आदल्या दिवशी कळवलंत, तर ती सोय वेळेत करता येते.

एक उदाहरण

‘चंद्राच्या कला कशा होतात?’ हा विषय घेऊ. मूल पहिल्या फेरीत सहसा असं सांगतं: ‘तो फिरतो ना, मग त्याचा प्रकाश त्याच्यावर पडतो आणि मध्ये सावली आली की तो अर्धा दिसतो.’ या एका वाक्यात दोन चुका आहेत. पहिली भाषेची. चंद्रही ‘तो’ आणि सूर्यही ‘तो’, त्यामुळे कोण फिरतो आणि कुणाचा प्रकाश कुणावर पडतो ते ऐकणाऱ्याला कळत नाही. दुसरी समजुतीची. कला पृथ्वीच्या सावलीमुळे होत नाहीत, ती सावली पडते ती चंद्रग्रहणात.

इथे शिक्षक चूक सांगून टाकत नाहीत. ते विचारतात, ‘शुक्ल अष्टमीच्या सुमारास दुपारी अर्धा चंद्र आणि सूर्य एकाच वेळी आकाशात दिसतात. मग सावली कुठून आली?’ मूल थांबतं. त्याच्या हातात चेंडू देतात, खोलीत अंधार करून एका बाजूला विजेरी लावतात आणि चेंडू समोर धरून त्याला स्वतःभोवती सावकाश फिरायला सांगतात. चेंडूचा अर्धा भाग कायम उजळलेला असतो. त्यातला किती आपल्याकडे वळला आहे, तेवढं मात्र बदलतं. हे डोळ्यांनी पाहिल्यावर तिसऱ्या सत्रातलं वाक्य आपोआप वेगळं येतं: ‘सूर्य चंद्राचा अर्धा भाग उजळतो. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो, म्हणून त्या अर्ध्यातला आपल्याला दिसणारा भाग कमी-जास्त होतो.’ सर्वनामांच्या जागी नावं आली, कारण आता कोण काय करतं हे त्या मुलाला ठाऊक आहे.

आपल्याला कळलं म्हणजे समोरच्यालाही कळलं, हा समज मोठ्यांचाही असतो. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी लोकांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर वाजवायला सांगितला. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. गाण्याची चाल वाजवणाऱ्याच्या डोक्यात चालू असते, ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते.

ही दरी दाखवायला आम्ही पाठीला पाठ लावून बसायचा खेळ घेतो. एकाकडे आठ-दहा रेषांची आकृती. त्याने ती वर्णन करायची, दुसऱ्याने न बघता काढायची, वेळ पाच मिनिटं. पहिल्या फेरीत प्रश्न विचारायला मनाई, दुसरीत मुभा. ‘इकडे’, ‘तसं’, ‘थोडंसं वर’ हे शब्द किती निरुपयोगी आहेत ते दोन्ही कागद शेजारी ठेवल्याबरोबर कळतं. घरीही हा खेळ जरूर खेळा.

अभिप्राय आणि घरचा वाटा

ऐकणाऱ्या मुलाने दोनच गोष्टी सांगायच्या: नेमकं काय समजलं, आणि एक प्रश्न. ‘छान बोललास’ चालत नाही, त्यातून पुढे काय करायचं ते कळत नाही. आवाज, उभं राहणं, हावभाव यांवर आम्ही सातव्या सत्रानंतरच बोलतो. आधी बोललं तर मुलाचं सगळं लक्ष हातांकडे जातं आणि मुद्दा सुटतो. गुण कुठल्याच सत्रात देत नाही.

घरी सगळ्यात उपयोगी पडते ती तुमची शांतता. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असं अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना १९७० च्या दशकातल्या अभ्यासात आढळलं. ते तीन सेकंद थांबू लागले तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि ‘माहीत नाही’ कमी झालं. तीन सेकंद ऐकायला थोडे वाटतात, पण मूल गप्प असताना फार मोठे होतात. तेवढे मनात मोजा. वाक्य पूर्ण होण्याआधी उच्चार दुरुस्त करू नका, आणि शब्द सुचत नसेल तर लगेच पुरवू नका.

प्रत्येक विषयाच्या दुसऱ्या सत्रानंतर मुलाचं दोन मिनिटांचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि ते त्यालाच ऐकू द्या, तुम्ही काही न बोलता. कुठे अडलो ते त्याने वहीत एका ओळीत लिहावं आणि ती वही तिसऱ्या सत्राला आणावी. पहिल्या दिवशी कोरी वही, पेन्सिल आणि खोडरबर एवढंच लागेल.