‘आज मूड कसाय?’ : बॉर्डरलाइन पालकांची मोठी झालेली मुलं

शाळेतून आल्यावर चपला काढायच्या आधी कान स्वयंपाकघराकडे लावायचे. भांडी नीट ठेवली जातायत की आपटली जातायत? आपटली जात असतील तर दप्तर गुपचूप कोपऱ्यात, आणि धाकट्याला नजरेनंच ‘गप्प बस’. नीट ठेवली जात असतील तर आज आई जवळ घेईल, तुझ्यासारखं लेकरू जगात नाही म्हणेल. उद्या तीच आई भाजीत मीठ कमी म्हटल्यावरून ‘तुम्हाला मी मेलेलीच हवी आहे’ म्हणत दार लावून घेईल, चार दिवस अबोला धरेल आणि पाचव्या दिवशी काही झालंच नाही अशा थाटात शिरा करेल.

भांडी सगळ्याच घरांत आपटतात; त्यावरून कुणाचं निदान होत नाही. पण हेच वर्षानुवर्षं चालत राहिलं की मूल चाळिशीला आलं तरी साहेबांची खुर्ची कशी सरकली यावरून दिवस कसा जाणार ते ताडत बसतं. आपल्याकडे याला ‘तिचा स्वभावच तसा’ म्हणतात आणि विषय मिटतो. अलीकडे मात्र समुपदेशकासमोर बसलेल्या तिशी-चाळिशीतल्या माणसांच्या तोंडी ‘आई बॉर्डरलाइन असावी का?’ हा प्रश्न येऊ लागला आहे. बॉर्डरलाइन म्हणजे भावना आणि नाती टोकाला हेलकावणारा एक व्यक्तिमत्त्व विकार. या शब्दाला जवळपास नव्वद वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक काळात पेशंटच्या मुलांचा पत्ताच नाही.

1938 साली न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक अ‍ॅडॉल्फ स्टर्न यांनी काही पेशंटांबद्दल लिहिलं. हे लोक न्यूरोसिसच्या (चिंता, भीती अशा सौम्य विकारांच्या) चौकटीत बसत नव्हते, सायकोसिसच्याही (वास्तवाचं भान सुटण्याच्या) नाही, आणि नेहमीच्या विश्लेषणानं बरेही होत नव्हते. म्हणून ते ‘सीमेवरचे’. खरं तर हा शब्द आजारापेक्षा डॉक्टरांच्या अडचणीचंच वर्णन करतो, पण तोच चिकटला. 1967 मध्ये ऑटो कर्नबर्ग यांनी या मनाची ठेवण मांडली: समोरचा माणूस एकतर देव, नाहीतर राक्षस, मधलं काही नाही. 1975 मध्ये जॉन गंडरसन आणि मार्गारेट सिंगर यांनी लक्षणं नेमकी केली आणि 1980 मध्ये अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत हा व्यक्तिमत्त्व विकार म्हणून दाखल झाला. आज त्या पुस्तिकेत 9 निकष आहेत आणि निदानाला किमान 5 लागतात. गणित केलं तर 256 वेगवेगळ्या जुळण्या होतात. दोन पेशंटांत एकच लक्षण समान असू शकतं. ‘अमक्याच्या आईसारखी माझी आई नाही, मग ती बॉर्डरलाइन कशी?’ या शंकेचं निम्मं उत्तर इथेच आहे.

दरम्यान मानसशास्त्रानं आयांकडे पाहिलं होतं, पण आरोपी म्हणून. 1948 मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी मुलात स्किझोफ्रेनिया निर्माण करणाऱ्या आईची कल्पना मांडली. 1956 मध्ये ग्रेगरी बेटसन आणि सहकाऱ्यांनी एक प्रसंग नोंदवला. इस्पितळात बऱ्यापैकी सावरलेला एक तरुण. आई भेटायला येते. तो आनंदानं तिच्या खांद्याभोवती हात टाकतो, ती ताठरते. तो हात काढून घेतो. ती विचारते, आता तुझं माझ्यावर प्रेम नाही का? त्याचा चेहरा लाल होतो; ती म्हणते, बाळा, आपल्या भावनांना इतकं घाबरू नये. ती गेल्यावर तो इस्पितळातल्या एका मदतनिसावर धावून गेला.

अशा वागण्यानं स्किझोफ्रेनिया होतो हा दावा पुढे टिकला नाही, आणि बरंच झालं. त्यापायी हजारो आयांनी विनाकारण अपराधी वाटून घेतलं. पण त्या तरुणाच्या हाताचं काय? हात टाकला तरी चूक, काढला तरी चूक. बॉर्डरलाइन आईबापाच्या मुलांना हा प्रसंग वाचून दाखवा, ती मान डोलावतील. मला वाटतं, आईला दोष देण्याच्या त्या जुन्या चुकीची शरम इतकी होती की पुढे बराच काळ मुलाच्या बाजूनं बोलणंच अवघड झालं.

मुलांचा असा थेट अभ्यास मुख्यतः या शतकातला. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये पीटर हॉब्सन यांच्या गटानं दोन महिन्यांच्या बाळांवर एडवर्ड ट्रॉनिक यांचा ‘निश्चल चेहऱ्या’चा प्रयोग केला. आईनं बाळाशी खेळायचं, मग ठरल्या वेळी चेहरा कोरा ठेवून नुसतं बघायचं, आणि पुन्हा खेळायचं. कोऱ्या चेहऱ्यापुढे कुठलंही बाळ कावरंबावरं होतं. बॉर्डरलाइन आयांची बाळं जास्त वेळा नजर फिरवत होती, हरवल्यासारखी बघत होती. याच गटाच्या 2005 च्या अभ्यासात वर्षभराच्या 10 बाळांपैकी 8 जणांचं आईशी असलेलं नातं विस्कळीत आढळलं: जवळही जायचंय आणि भीतीही वाटते. इतर आयांच्या बाळांत हे प्रमाण 27 टक्के होतं. संख्या लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. अमेरिकेत जेनी मॅकफी यांनी 4 ते 7 वर्षांच्या मुलांना अर्धवट गोष्टी पुऱ्या करायला दिल्या, तेव्हा बॉर्डरलाइन आयांच्या मुलांच्या गोष्टींत सोडून जाण्याची भीती जास्त दिसली, आणि मूलच आईबापाला सांभाळतंय असं उलटं चित्रही. या उलट्या भूमिकेला कुटुंबोपचाराच्या अभ्यासकांनी 1970 च्या दशकातच नाव दिलं होतं. आपल्याकडे ‘पोर किती समजूतदार आहे हो’ असं कौतुकानं म्हणतात, त्यातला काही भाग हाच.

बापांचं काय? 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे 35 हजार अमेरिकनांच्या पाहणीत स्त्री-पुरुषांतलं प्रमाण जवळपास सारखं निघालं. दवाखान्यात मात्र बायकाच जास्त दिसतात. बापाचा संताप ‘कडक स्वभाव’ किंवा दारू या खात्यात जमा होत असावा.

दारूवरून मूळ धाग्याकडे येतो. मोठ्या झालेल्या मुलांना शब्द मिळाले ते दवाखान्यातून नव्हे, दारुड्यांच्या घरांतून. व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांसाठी 1951 मध्ये अल-अनॉन सुरू झालं, 1957 मध्ये किशोरांसाठी अलाटीन. त्या मुलांची वयं वाढली, तेव्हा जायचं कुठे हा प्रश्न आला. 1970 च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये अशांचा वेगळा गट बसू लागला आणि टोनी ए. या नावानं ओळखल्या जाणाऱ्या सदस्यानं 14 मुद्द्यांची यादी लिहिली, तिचं नाव ‘लाँड्री लिस्ट’, म्हणजे धोब्याची यादी. रागावलेल्या माणसाची भीती वाटते. स्वतःची बाजू मांडली की अपराधी वाटतं. कीव आणि प्रेम यांची गल्लत होते, ज्यांना वाचवता येईल अशाच माणसांवर जीव जडतो. यादीत बाटली काढून टाका, फारसं काही बदलत नाही. ज्यांच्या घरी कुणी थेंबही घेत नव्हतं अशा लोकांनाही ती आपलीच वाटली, आणि या गटातून उभ्या राहिलेल्या संघटनेनं पुढे आपल्या नावात बिघडलेल्या कुटुंबांचाही समावेश केला.

बॉर्डरलाइन पालकांच्या मुलांसाठी पुस्तकं आली ती साधारण 2000 पासून. क्रिस्टीन लॉसन यांनी त्या वर्षी अशा आयांचे चार प्रकार पाडले: बिचारी, एकांडी, राणी आणि चेटकीण. वाचणाऱ्याला आपली आई पानावर सापडल्याचा जो दिलासा मिळतो तो खोटा नाही. तरीही आजारी बाईला चेटकीण म्हणणं मला पटत नाही. आपल्या गावांत तो शब्द कुणाच्या जिवावर उठलाय हे आपल्याला ठाऊक आहे.

दरम्यान पेशंटची बाजूही बदलली होती. सिएटलच्या मार्शा लिनहान यांनी 1991 मध्ये डीबीटी या, भावना आवरायची कौशल्यं शिकवणाऱ्या उपचाराची पहिली मोठी चाचणी प्रसिद्ध केली. 2011 मध्ये त्यांनी जाहीर सांगितलं की 1961 मध्ये, 17 व्या वर्षी, त्या स्वतःच हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल होत्या. मेरी झनारिनी यांच्या पथकानं 1992 पासून 290 पेशंटांचा माग ठेवला. 10 वर्षांत 93 टक्क्यांची लक्षणं किमान दोन वर्षांसाठी ओसरलेली होती. ‘स्वभावाला औषध नाही’ हे खोटं ठरलं. मुलांसाठी मात्र ही बातमी सरळ नाही. आई बरी होऊ शकत होती, मग माझ्या लहानपणी का नाही झाली?

नुसत्या माहितीनं भागतं असंही नाही. पेरी हॉफमन आणि सहकाऱ्यांच्या 2003 च्या अभ्यासात नातेवाइकांना आजाराची जितकी जास्त माहिती, तितका त्यांचा त्रास जास्त, असं उलटंच निघालं. त्याच हॉफमन आणि अ‍ॅलन फ्रुझेटी यांनी कुटुंबीयांसाठी 12 आठवड्यांचा शिकवणीवर्ग बेतला. तिथे माहितीइतकाच भर रोजच्या वागण्याच्या सरावावर असतो. पॉलीन बॉस यांनी ‘संदिग्ध वियोग’ असा शब्द दिला: माणूस समोर आहे, पण मनानं नाही, त्यामुळे रडायचं कुणासाठी तेच कळत नाही. आणि बर्कलीत मेरी मेन यांनी 1980 च्या दशकात मोठ्या माणसांच्या मुलाखतींतून दाखवलं की बालपण कसं गेलं यापेक्षा ते किती सुसंगतपणे, न लपवता सांगता येतं हे महत्त्वाचं. काहींनी सुरक्षितता मागाहून कमावलेली असते. उपचारात बराच वेळ या सांगण्यातच जातो.

अमेरिकी पुस्तकांतला ‘संबंध तोडा’ हा सल्ला आपल्याकडे दोन खोल्यांच्या घरात येऊन अडतो. 2007 च्या कायद्यानं आईवडिलांचा सांभाळ मुलांवर बंधनकारक आहे. ज्येष्ठांना वाऱ्यावर सोडल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड. कायदा गरजेचा आहे, पण सांभाळणं म्हणजे मारही खाणं नव्हे, हे नातेवाइकांना कोण सांगणार? व्यसनी माणसाच्या बायकोला पुण्यात मुक्तांगणचा ‘सहचरी’ गट आहे. बॉर्डरलाइन घरातल्या मुलांना तेवढं ओळखीचं दार नाही. आई जीव देण्याचं बोलत असेल तर ते नाटक समजू नये. या आजारात तो धोका खरा असतो. तो एकट्यानं पेलायचाही नाही: टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर फोन करता येतो, डॉक्टरांना कळवता येतं.

बाकी दिवसांचे गृहपाठ लहान असतात. आईचा दिवसातला सातवा फोन आहे, विषय कालचाच आहे, कुकर चढवलेला आहे. तीन शिट्ट्या होईपर्यंत फोन उचलायचा नाही, मग आपण करायचा. पहिल्या आठवड्यात हात दुसऱ्या शिट्टीलाच जातो.