शनीच्या ढगांवरची सावली

कॅसिनी यानाने टिपलेली शनीची रंगीत छायाचित्रे पाहताना नजर आधी कड्यांवर जाते. ग्रहाच्या अंगावरून गेलेल्या काळ्या कमानी त्यानंतर लक्षात येतात. अनेकांना ते ढगांचेच पट्टे वाटतात. शनीवरचे ढगांचे पट्टे मात्र विषुववृत्ताला समांतर, सरळ जातात. ज्या रेषा त्यांना छेदत, वाकत जातात, ती कड्यांची सावली असते.

या सावलीत कड्यांची सगळी रचना उमटलेली असते. कड्यांना अक्षरांची नावे आहेत: दाट ‘बी’ कड्याखाली जवळजवळ काळोख, विरळ ‘सी’ कड्याखाली फिकट करडी छटा, आणि ‘ए’ व ‘बी’ कड्यांमधल्या कॅसिनी फटीतून आलेल्या उन्हाची उजळ रेघ. ज्यांना आपण ढगांची छायाचित्रे म्हणतो, त्यांत कड्यांबद्दलही इतके वाचता येते, हे मला फार मोलाचे वाटते.

ही सावली एका जागी थांबत नाही आणि त्यामागचे कारण जुने आहे. 1610 मध्ये गॅलिलिओला दुर्बिणीतून शनीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी दिसले होते. 1612 मध्ये ते नाहीसे झाले आणि तो गोंधळून गेला. 1659 मध्ये डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने उलगडा केला: ग्रहाभोवती त्याला कुठेही न चिकटलेले एक पातळ, सपाट कडे आहे आणि ते कललेले आहे. शनीचा अक्ष सुमारे 26.7 अंशांनी कललेला असून त्याला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षे लागतात. त्यामुळे जवळपास पंधरा वर्षे ऊन कड्यांच्या उत्तर अंगावर पडते आणि सावली दक्षिण गोलार्धावर. पुढची पंधरा वर्षे याच्या उलट. मधल्या विषुवाच्या वेळी, म्हणजे सूर्य शनीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर असताना, ऊन कड्यांच्या कडेवरून येते आणि सावली विषुववृत्तावरच्या बारीक रेघेइतकी उरते.

शनीजवळ गेलेली पहिली तिन्ही याने नेमकी अशाच एका विषुवाच्या आसपास पोहोचली. पायोनियर 11 सप्टेंबर 1979 मध्ये, व्हॉयेजर 1 नोव्हेंबर 1980 मध्ये आणि व्हॉयेजर 2 ऑगस्ट 1981 मध्ये. विषुव होते मार्च 1980 मध्ये. त्यामुळे व्हॉयेजरच्या छायाचित्रांत सावली विषुववृत्ताजवळ आखडलेली आहे आणि बाकीचा शनी सगळीकडे सारखाच पिवळसर सोनेरी दिसतो. त्या यानांनी पुष्कळ दिले. विषुववृत्तावर ताशी 1800 किलोमीटरच्या आसपास वाहणारे वारे त्यांच्यामुळेच समजले. उत्तर ध्रुवाभोवतीचा वाऱ्याचा षटकोनी झोतही त्यांच्याच छायाचित्रांत होता, फक्त तो 1988 मध्ये ओळखला गेला. ऋतू मात्र त्यांना दिसणे शक्य नव्हते. शेजारून निघून जाणाऱ्या यानाला ऋतू कसा दिसणार?

त्यासाठी तिथे राहावे लागते. कॅसिनी 15 ऑक्टोबर 1997 रोजी निघाले, 1 जुलै 2004 रोजी शनीच्या कक्षेत शिरले आणि तेरा वर्षे तिथेच फिरत राहिले. ते पोहोचले तेव्हा उत्तरेत हिवाळा होता आणि उत्तर गोलार्धाचा मोठा भाग कड्यांच्या सावलीत होता. तिथला शनी सोनेरी नव्हता, निळा होता. नोव्हेंबर 2004 मधल्या एका छायाचित्रात या निळ्या पार्श्वभूमीवर सावलीच्या गडद कमानी आहेत आणि समोर सुमारे 400 किलोमीटर व्यासाचा मायमस हा उपग्रह तरंगतो आहे. शनीचे एकच छायाचित्र निवडायचे झाले, तर मी हेच निवडेन.

या निळाईबद्दल शास्त्रज्ञांचे म्हणणे असे. शनीचा नेहमीचा पिवळसर रंग वरच्या धुरकट थराचा आहे आणि अतिनील किरणांनी मिथेनचे रेणू फुटण्यातून तो धुरका तयार होतो. हिवाळ्यात, त्यातही कड्यांच्या सावलीत, ऊन कमी पोहोचते आणि धुरका विरतो. मग खालच्या स्वच्छ हायड्रोजनमध्ये निळा प्रकाश जास्त विखुरतो, पृथ्वीच्या आकाशात होते तसाच. म्हणजे सावली ढगांवर नुसती पडत नाही, तिथल्या हवेचा रंग बदलण्यातही तिचा वाटा असतो.

11 ऑगस्ट 2009 रोजी पुन्हा विषुव आले. ग्रहावरची सावली रेघेइतकी झाली आणि खुद्द कड्यांवर लांबलचक सावल्या दिसू लागल्या. मुख्य कड्यांची जाडी बहुतेक ठिकाणी सुमारे दहा मीटरच भरते, पण ‘बी’ कड्याच्या काठावर अडीच किलोमीटर उंच सुळके आढळले, तेही केवळ त्यांच्या सावलीमुळे. त्याच कड्यातली सुमारे 400 मीटरची एक बारीकशी चंद्रिका (चिमुकला उपग्रह) 41 किलोमीटर लांब सावलीमुळे सापडली. ऊन किती तिरपे येते हे माहीत असले की सावलीच्या लांबीवरून उंची काढता येते. शाळेतली त्रिकोणमिती शनीपाशीही पुरली.

त्यानंतर सावली दक्षिणेकडे सरकली आणि उत्तरेकडे ऊन आले. डिसेंबर 2010 मध्ये उत्तर गोलार्धात मोठे वादळ उठले आणि काही आठवड्यांत त्याने ग्रहाला पूर्ण वेढा घातला. अशा वेळी कॅमेऱ्याचे फिल्टर कामी येतात. मिथेन जो प्रकाश शोषतो त्यात फक्त उंचावरचे ढग उजळ दिसतात, बाकीच्या तरंगलांबीत नजर खोलवर पोहोचते. दोन्ही प्रतिमा शेजारी ठेवल्या की ढगांच्या उंचीचा अंदाज येतो. उत्तर ध्रुवाचा षटकोनही आता उन्हात आला. 2012 मध्ये निळसर असलेला तो प्रदेश 2016 पर्यंत सोनेरी झाला होता.

15 सप्टेंबर 2017 रोजी कॅसिनीला शनीच्या वातावरणात सोडून मोहीम संपवण्यात आली. मे 2025 मध्ये आणखी एक विषुव होऊन गेले आणि सावली परत उत्तरेकडे वळली आहे. 2030 नंतरच्या काही वर्षांत उत्तर गोलार्ध पुन्हा 2004 सारखाच सावलीत असेल. तिथे निळाई कशी परतते हे जवळून टिपायला आज शनीभोवती एकही यान नाही.