रेडीमेड चिकन सॅलड सँडविच : पोषणमूल्य

शिजवलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे मेयोनीजमध्ये (तेल आणि अंड्याचा बलक घोटून केलेल्या दाट सॉसमध्ये) कालवायचे, त्यात थोडा कांदा, काकडी नाहीतर कोबी घालायचा, दोन ब्रेडमध्ये भरायचं आणि पॅक करून थंड विकायचं, असं हे सँडविच. 'सॅलड' या शब्दानं आपल्याकडे घोटाळा होतो, कारण सॅलड म्हटलं की आपल्याला काकडी-टोमॅटोच्या चकत्या नाहीतर कोशिंबीर आठवते, पण इथं सॅलड म्हणजे मेयोनीजमध्ये कालवलेलं सारण आणि भाजी त्यात नावालाच. बेळगावात कॅम्प-टिळकवाडीकडच्या बेकऱ्यांत किंवा निपाणी-संकेश्वरच्या हायवेवर गाडी थांबली की 'आज भाकरी नको, हलकं कायतरी खाऊया' म्हणून लोक फ्रीजमधला तिकोनी डबा उचलतात, आणि ही नोंद मुख्यतः त्या 'हलकं' या समजुतीबद्दल आहे. लेबलवर कन्नडात 'कोळी' लिहिलेलं असेल तर ती कोंबडीच, मासेवाल्या कोळ्याशी त्याचा संबंध नाही. मांसाहाराची खूण म्हणजे चौकोनातला तपकिरी त्रिकोण.

उगम : 'सँडविच' हे नाव इंग्लंडचे चौथे अर्ल ऑफ सँडविच जॉन माँटेग्यू (१७१८–१७९२) यांच्यावरून आलं, आणि इतिहासकार एडवर्ड गिबन यांच्या १७६२ च्या रोजनिशीत हा शब्द लिहिलेला सापडतो, इथवर फारसा वाद नाही. चिकन सॅलडचं श्रेय बहुतेक ठिकाणी अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या वेकफील्ड गावच्या लियम ग्रे नावाच्या खाटकाला, १८६३ साल धरून, दिलं जातं. पण थंड कोंबडी ड्रेसिंगमध्ये कालवायच्या कृती त्याच्या आधीच्या अमेरिकन पाकपुस्तकांत आहेत, त्यामुळे १८६३ ला शोधाचं साल न मानता दुकानातून विकायला लागल्याच्या आख्यायिकेचं साल मानणं जास्त बरं. मेयोनीजचा वाद याहून जुना. एक मत असं की १७५६ मध्ये फ्रेंचांनी मिनोर्का बेटावरचं माओन बंदर लढून घेतलं आणि त्या विजयाच्या मेजवानीत हा सॉस वाढला, त्यावरून हे नाव पडलं, दुसरं मत बायोन या फ्रेंच गावाकडे बोट दाखवतं, आणि तिसरं मत अंड्याच्या बलकासाठीच्या 'मोयू' या जुन्या फ्रेंच शब्दाकडे. हे नाव छापील पुस्तकांत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिसायला लागतं, म्हणजे लढाईनंतर जवळपास पन्नास वर्षांनी, म्हणून विजयाच्या मेजवानीची गोष्ट मागाहून जोडली असावी असं वाटतं, तरी माओनशी नातं असणं अशक्य नाही. पॅक केलेलं थंड सँडविच मोठ्या दुकानांत रुळलं ते ब्रिटनमध्ये, साधारण १९८० पासून.

ऊर्जेचा हिशोब : लेबलवरच्या कॅलरी सहसा प्रत्येक सँडविच जाळून मोजलेल्या नसतात. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर (१८४४–१९०७) यांच्या कामातून आलेले गुणक वापरतात, प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅममागे ४ किलोकॅलरी (खाण्याच्या बाबतीत बोलताना आपण हिलाच नुसतं 'कॅलरी' म्हणतो), चरबी ९. कर्बोदकं पुष्कळदा थेट मोजत नाहीत, एकूण वजनातून पाणी, प्रथिनं, चरबी आणि राख (म्हणजे खनिजं) वजा केली की जे उरतं ते कर्बोदक धरतात, त्यामुळे लेबलचा आकडा अंदाजाचा असतो हे लक्षात ठेवावं.

आता एक सँडविच उघडून बघू. ब्रेडच्या दोन स्लाइस, धरा ६० ग्रॅम, म्हणजे सुमारे १६० किलोकॅलरी. बिनकातडीचं शिजवलेलं छातीचं मांस ५० ग्रॅम, सुमारे ८२ किलोकॅलरी आणि १५ ग्रॅमच्या वर प्रथिनं. भाजीच्या चार-पाच कॅलरी. आणि दोन मोठे चमचे मेयोनीज, जेमतेम २८ ग्रॅम, पण त्याच्या एकट्याच्या जवळपास १९५ किलोकॅलरी. बेरीज सुमारे ४४०, प्रथिनं २१ ग्रॅम, कर्बोदकं ३०, चरबी २५. म्हणजे निम्मी ऊर्जा चरबीतून येते आणि कोंबडीपेक्षा मेयोनीजच्या कॅलरी दुपटीहून जास्त भरतात. माझं स्पष्ट मत आहे की या सँडविचचं पोषण कोंबडी ठरवत नाही, मेयोनीजचा चमचा ठरवतो. एक चमचा कमी करून तिथं दह्याचा चक्का घातला तर ८० च्या आसपास कॅलरी कमी होतात आणि चवीला फारसा फरक पडत नाही. सारण कापलेल्या बाजूला ढीग करून लावलेलं असतं आणि मागचे कोपरे कोरडे, म्हणून डब्याबाहेरून बघून कोंबडी किती ते कळत नाही.

अंड्याशिवायचं मेयोनीज आपल्याकडे खूप चालतं, पण तेही मुख्यतः तेलच, 'एगलेस' म्हणून ते हलकं होत नाही. तंगडीचं मांस किंवा कातडी घातली असेल तर चरबी आणखी वाढते.

लेबल : एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०२० च्या लेबल नियमांत रोजच्या गरजेचा आधार २००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम एकूण चरबी, २२ ग्रॅम संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी आणि २००० मिलिग्रॅम सोडियम असा धरलाय. वरचं सँडविच त्या मापात चरबीचा ३७ टक्के वाटा एका बैठकीत संपवतं. ब्रेड, मेयोनीज आणि कोंबडी मिळून सोडियम ५०० मिलिग्रॅमच्या आसपास जातंच, वरून मीठ पडलं की ७०० सहज (सोडियमला अडीचनं गुणलं की मिठाचं वजन मिळतं). बीपीच्या माणसानं हा आकडा आधी बघावा. कित्येकदा मोठ्या अक्षरात १०० ग्रॅमचे आकडे असतात आणि सँडविच असतं दीडशे ग्रॅमच्या वर, तेव्हा गुणाकार आपणच करायचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, त्यामुळे 'ब्राउन ब्रेड' लिहिलं तरी यादीत मैदा आधी असेल तर ती मैद्याचीच ब्रेड, रंग काहीही असो. बेकरीवाल्यानं समोर करून दिलेल्या सँडविचवर असं काही लेबल नसतं.

भाकरीशी तुलना : जोंधळ्याच्या ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत सुमारे २०० किलोकॅलरी आणि ६ ग्रॅम तंतू (फायबर) असतात, मैद्याच्या दोन स्लाइसमध्ये दीड-दोन ग्रॅम. तेव्हा भाकरी आणि त्याच ५० ग्रॅम कोंबडीचं सुकं, तेल बेतानं घातलेलं, खाल्लं तर प्रथिनं तेवढीच मिळतात, तंतू तिप्पट आणि चरबी बरीच कमी. भाकरी जड आणि सँडविच हलकं हा समज पोटाला वाटतो तसा असेल, आकड्यांत तो टिकत नाही. प्रवासात, ऑफिसात सँडविच सोयीचं आहे हे खरंच, आणि वडापाव नाहीतर क्रीम बनच्या मानानं त्यात प्रथिनं नक्कीच जास्त.

जीवनसत्त्वं आणि खनिजं : कोंबडीतून नायसिन आणि बी-६ ही जीवनसत्त्वं, आणि सेलेनियम आणि फॉस्फरस ही खनिजं मिळतात. क जीवनसत्त्व जवळपास नाही.

साठवण : शिजलेली कोंबडी आणि मेयोनीज ५ अंश सेल्सिअसच्या खालीच ठेवायची, बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नाही, आणि एप्रिल-मेच्या उन्हात त्याहून कमी. लिस्टेरिया हा जंतू फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो, म्हणून गरोदर बायकांनी दोन-तीन दिवसांचं थंड सँडविच टाळावं. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तामिळनाडूनं एप्रिल २०२५ मध्ये वर्षभराची बंदी घातली. खेडेगावात करंट गेला की दुकानाचा फ्रीज तासन् तास बंद राहतो आणि डब्यावरची तारीख मात्र तीच राहते, तेव्हा तारखेसोबत डबा हाताला गार लागतो का तेही बघून घ्यावं.