हळद चांगलीच, पण कॅप्सूलची गोष्ट वेगळी

‘हळदीतलं कर्क्युमिन लिव्हर साफ करतं. नैसर्गिक आहे, कितीही घ्या.’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यातली अर्धी गोष्ट खरी आहे, म्हणूनच तो जास्त घातक.

औषधं, दारू यांचा निचरा करताना यकृताच्या पेशीत ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार होतात. त्यांना आवरतं ग्लुटाथायोन, आणि ते पेशी स्वतःच बनवते. कर्क्युमिन ‘कीप-१’ या प्रथिनाला चिकटतं. मग त्याने अडवून ठेवलेलं ‘एनआरएफ-२’ हे दुसरं प्रथिन सुटून पेशीकेंद्रात शिरतं आणि ग्लुटाथायोन बनवणारी जनुकं जागी करतं. म्हणजे कर्क्युमिन काही साफ करत नाही, ते पेशीला डिवचतं. तेही दिसलंय मुख्यतः प्रयोगशाळेतल्या पेशींत आणि उंदरांत.

माणसाच्या रक्तात ते जेमतेम पोचतं. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं, की सोबत मिरीतलं पिपेरिन दिलं तर ते सुमारे २० पट जास्त शोषलं जातं. आज बऱ्याच कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम कर्क्युमिन असतं, वर मिरीचा अर्क. आमटीतल्या चिमूटभर हळदीतून मिळतं जेमतेम दहा-वीस मिलिग्रॅम!

अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये हळदीच्या सप्लिमेंटमुळे यकृताला इजा झालेले १० रुग्ण नोंदवले. एक दगावला. सात जणांत एकच विशिष्ट जनुकप्रकार सापडला, जो आपल्यात आहे का हे कुणाला आधी ठाऊक नसतं.

आमटीत हळद खुशाल घाला. कॅप्सूल चालू असताना डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली, तर कॅप्सूल तत्काळ थांबवा आणि डॉक्टरांना तिचं नाव सांगा.