घोड्याचा जबडा आणि आपली शतपावली

रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये वरच्या मजल्यावरचे काका एका जागी उभं राहून उजवा हात लंबकासारखा हलवत होते. मनगटावर मुलीने वाढदिवसाला दिलेलं स्मार्ट घड्याळ. मी बघतोय म्हटल्यावर जरा ओशाळले. "नऊ हजार सातशे झालीत. तीनशे राहिलीत, आणि गुडघा नको म्हणतोय. बाराला सगळं शून्य होतं ना!" आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या महिन्यात 'रोज दहा हजार पावलं' अशी पैज लागली होती. गुडघ्याचं काम त्यांनी हाताकडे सोपवलं होतं, इतकंच.

दहा हजारांचा हा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही, जाहिरातीतून आलेला आहे. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं, जपानात व्यायामाचं वारं सुटलं, आणि १९६५ मध्ये यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं. त्याचं नाव 'मानपो-केई'. मान म्हणजे दहा हजार, पो म्हणजे पावलं, केई म्हणजे मापक. आकडा गोल होता, जिभेवर बसला, आणि साठ वर्षांनी आमच्या पार्किंगमध्ये येऊन पोचला.

मग खरा आकडा किती? २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सुमारे १७ हजार वयस्कर अमेरिकन बायकांच्या पावलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी वय ७२. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये पुढच्या चारेक वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं. फायदा वाढत वाढत ७,५०० च्या आसपास सपाट झाला. म्हणजे काकांनी घरी जाऊन झोपायला काहीच हरकत नव्हती.

पण अशा अभ्यासांत एक मेख असते. जास्त चालणारे म्हणून निरोगी राहिले, की मुळात निरोगी होते म्हणून जास्त चालत होते? हा प्रश्न जेरी मॉरिस यांना फार आधी पडला होता. १९५३ साली त्यांनी दाखवलं, की लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो आणि बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. खूप गाजलं ते. आणि मग १९५६ मध्ये त्यांनी स्वतःच गणवेशाच्या विजारींची मापं काढली. ड्रायव्हरांची कंबर तरुण वयातसुद्धा कंडक्टरांपेक्षा मोठी होती! म्हणजे थोडा फरक नोकरीत शिरण्याआधीचाच असणार. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाला शिंप्याच्या टेपने तपासणारा हा माणूस मला फार आवडतो. (९९ वर्षं जगला, आणि व्यायाम कधी सोडला नाही.)

तेव्हा नुसत्या मोजणीने समाधान होत नसेल, तर स्नायूच्या आत शिरायला हवं. मलाही तिथेच जायचं आहे.

तुमच्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती असते? उपाशीपोटी १०० मिलिलिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आत, आणि रक्त साधारण पाच लिटर. हिशेब करा: पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा. आता दोन पोळ्या आणि वाटीभर भात खाल्ला, तर त्यातल्या पिष्टाची सत्तरेक ग्रॅम साखर दोन-तीन तासांत रक्तात उतरते. चमचाभर साखरेच्या हौदात सत्तर ग्रॅम ओतायचे आणि पातळी फार वाढू द्यायची नाही, असा हा रोजचा पेच आहे. ती जाते कुठे? काही यकृतात, पण मोठा वाटा स्नायूंत. शरीराच्या वजनाचा चाळीसेक टक्के भाग स्नायूंचा आहे आणि तेच आपलं सर्वांत मोठं कोठार.

गंमत अशी, की या कोठाराच्या भिंतीला दारं कायमची बसवलेली नाहीत. साखर पेशीत नेणारं प्रथिन, त्याला ग्लूट-४ म्हणतात, एरवी पेशीच्या आतच बारीक पुटिकांमध्ये, म्हणजे इवल्या पिशव्यांमध्ये, गुंडाळून ठेवलेलं असतं. दारं माळ्यावर, भिंत कोरी. इन्शुलिन आलं की पुटिका पृष्ठभागाकडे सरकतात, पेशीच्या आवरणात मिसळतात, आणि भिंतीत दारं उगवतात. काम झालं की दारं परत माळ्यावर. १९८० मध्ये कुशमन आणि वॉर्डझाला, तसंच सुझुकी आणि कोनो, अशा दोन जोड्यांनी चरबीच्या पेशींवर काम करताना स्वतंत्रपणे हे ओळखलं. तोवर बहुतेकांची कल्पना अशी, की इन्शुलिन म्हणजे किल्ली आणि कुलूप भिंतीतच. शाळेत आजही तसंच शिकवतात.

आता माझा आवडता भाग. दारं माळ्यावरून उतरवायला इन्शुलिनच लागतं असं नाही. स्नायू आकुंचन पावला की तो स्वतःच ती उतरवतो. इन्शुलिन म्हणजे बाहेरून वाजवलेली बेल. आकुंचन म्हणजे घरातल्याच माणसाने आतून काढलेली कडी. याचा पहिला सुगावा १८८७ चा आहे, इन्शुलिनचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीचा. शोव्हो आणि कॉफमन या फ्रेंच संशोधकांनी चारा चघळणाऱ्या घोड्याच्या तोंडाच्या स्नायूत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या रक्तातली साखर मोजली. घोडा चघळत असताना स्नायू कितीतरी जास्त साखर ओढून घेत होता. मग जवळजवळ शंभर वर्षं वाद चालला, की त्याला थोडं तरी इन्शुलिन लागत असेल ना? १९८४ मध्ये डेन्मार्कमधल्या प्लूग, गाल्बो आणि रिश्टर यांनी उंदराच्या स्नायूवर दाखवलं, की नाही, अजिबात लागत नाही. १९९९ मध्ये तर ज्यांच्या स्नायूंत इन्शुलिन ओळखणारा ग्राहकच (रिसेप्टर) नाही असे उंदीर पळवून पाहिले. बेल तोडून टाकलेली, तरी पळताना दारं उघडली.

पुढचा परिच्छेद जरा चढाचा आहे. दम लागला तर गाळून त्याच्या पुढच्यावर या. पुटिकांना आत धरून ठेवणारं एक प्रथिन आहे, एएस-१६०. त्याला खुंटा समजा. इन्शुलिन ग्राहकावर बसलं की निरोप एकाकडून दुसऱ्याकडे जात जात एकेटी नावाच्या विकरापर्यंत (एन्झाइमपर्यंत) पोचतो, ते एएस-१६० ला फॉस्फेट चिकटवतं, खुंटा सैल होतो, पुटिका सुटतात. आकुंचनाची वाट वेगळी. स्नायूला हलायचा हुकूम मिळताच पेशीत कॅल्शियम उसळतं. इंधन खर्ची पडू लागलं की एएमपीके नावाचा पहारेकरी जागा होतो. आणि ही मंडळी त्याच खुंट्याला आणि त्याच्या जुळ्या भावाला, टीबीसी१डी१ ला, सैल करतात. म्हणजे वाटा दोन, शेवटचा टप्पा जवळपास एकच. हा खुंटा किती मोलाचा आहे ते ग्रीनलँडमध्ये कळलं. तिथल्या काही लोकांत या खुंट्याच्या जनुकात असा बदल आहे, की स्नायूंतलं प्रथिन अर्धवटच तयार होतं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आई आणि वडील दोघांकडून हा बदल मिळालेल्यांत मधुमेहाची शक्यता दसपटीच्या आसपास निघाली.

मधुमेहाच्या नेहमीच्या प्रकारात बिघाड होतो तो बेलच्या वायरिंगमध्ये. इन्शुलिन वाजवत राहतं, निरोप पोचत नाही. आतली कडी मात्र शाबूत असते. औषधाविना मिळणारं असं दुसरं प्रवेशद्वार निसर्गाने ठेवलंय, आणि ते उघडायला मॅरेथॉन लागत नाही. जिने, बाजारातून पिशव्या घेऊन येणं, ओट्यापाशी उभं राहून केलेली झाकपाक, यानेसुद्धा स्नायू आकुंचनच पावतात.

आपल्यासाठी हे जास्त लागू का, ते पुण्यातल्या एका फोटोने जगाला दाखवलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे, २००४ च्या 'लॅन्सेट'मध्ये. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काटा सारखाच, पण कोठार लहान आणि अडगळ जास्त. "मी तर बारीकच आहे" म्हणून खुर्चीला चिकटून बसणाऱ्यांनी तो फोटो जरूर शोधावा. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या पाहणीतून भारतातल्या मधुमेहींचा आकडा आला १०.१ कोटी, आणि उंबरठ्यावरचे १३.६ कोटी.

आता शतपावली. कडी आतून काढायचीच, तर साखर दाराशी आलेली असताना काढावी, हे साध्या हिशेबाने कळतं. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने २०१६ मध्ये मधुमेह असलेल्या ४१ जणांवर ते तपासलं. काही दिवस रोज ३० मिनिटं हवं तेव्हा चाला. काही दिवस प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं चाला. एकूण मिनिटं तेवढीच. जेवणानंतर चढणारी साखर दुसऱ्या पद्धतीत सरासरी १२ टक्क्यांनी कमी चढली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी.

हे वाचून कुणीतरी "बघा, पूर्वजांना सगळं ठाऊक होतं" असा मेसेज पुढे ढकलणार, याची मला खात्री आहे. पूर्वजांना ग्लूट-४ ठाऊक नव्हतं. जेवून लवंडण्यापेक्षा चार पावलं टाकली की बरं वाटतं, एवढं त्यांचं निरीक्षण पक्कं होतं, आणि तेच पुरेसं कौतुकाचं आहे. शंभर या आकड्यात काही नाही. शंभर पावलं दीड मिनिटात संपतात. "जेवल्यावर चाललं की रक्त पायांत उतरतं आणि अन्न कुजतं" हेही तितकंच पोकळ. भरल्या पोटी धावलात तर पोटात कळ येईल. रमत-गमत चालण्याने अन्न कुजत वगैरे नाही. आणि बसल्या जागी पोट थरथरवणारा पट्टा? बाहेरून हलवलेला स्नायू आपणहून आकुंचन पावत नाही. पैसे मात्र नक्की हलतात.

या यंत्रणेला आठवणही असते. चालणं थांबलं की उतरलेली दारं काही तासांत माळ्यावर जातात. पण व्यायाम झालेला स्नायू पुढे दिवसभर, कधी दोन दिवससुद्धा, इन्शुलिनची बेल जास्त तत्परतेने ऐकतो. म्हणूनच मधुमेहींना व्यायामात सलग दोन दिवसांपेक्षा मोठा खंड पाडू नका असं सांगतात. रविवारी सिंहगड चढून आलेल्याच्या स्नायूंना बुधवारी त्यातलं फारसं काही आठवत नसतं. (सिंहगडवाल्यांनी रागावू नये. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे ९० हजार लोकांच्या नोंदींत, आठवड्याचा व्यायाम एक-दोन दिवसांतच उरकणाऱ्यांनाही हृदयासाठी जवळपास तितकाच फायदा दिसला होता. हृदयाचा हिशेब वेगळा, साखरेचा वेगळा.) जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगते आणि जोडीला दोन दिवस ताकदीचे व्यायाम. एका वेळी किमान १० मिनिटं हवीत ही जुनी अट त्यांनी २०२० मध्ये काढून टाकली. दोन मिनिटांचा जिनाही आता खात्यात जमा होतो.

राहिला सवयीचा प्रश्न. 'एकवीस दिवसांत सवय' हे एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनचं १९६० मधलं निरीक्षण. त्याचे रुग्ण नव्या चेहऱ्याला सरावायला किमान तेवढे दिवस घेत. त्याचा व्यायामाशी संबंध लोकांनी जोडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर खरोखर मोजून पाहिलं, तर मधला आकडा निघाला ६६ दिवस, आणि अंदाजित पल्ला १८ पासून २५४ पर्यंत. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. त्या लोकांना नवी गोष्ट रोज घडणाऱ्या एखाद्या जुन्या गोष्टीला जोडायला सांगितलं होतं. आमच्या घरी ताट धुवायला टाकलं की चप्पल, असं आहे. पावसाळ्यात जिन्यातच चार मजले वर-खाली. घड्याळ लागत नाही, जेवण कुणी विसरत नाही.

घरात ग्लुकोमीटर असेल तर हे स्वतःवर पाहता येईल. एका दिवशी जेवून बसून राहा, दुसऱ्या दिवशी तेच आणि तेवढंच जेवून पंधरा मिनिटं चाला. दोन्ही दिवशी जेवायला सुरुवात केल्यापासून एका तासाने मोजा. एकाच जोडीवर भाळू नका, चार-पाच जोड्या घ्या. घरगुती यंत्राला १५ टक्के इकडे-तिकडे चालतं, त्यामुळे दहा-बारा टक्क्यांचा फरक निव्वळ यंत्राचाही असू शकतो. इन्शुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

हे सगळं मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी नेमका प्रश्न विचारला. "मग माझ्या हात हलवण्याने दारं उघडली असतील की नाही?" उघडली असतील, पण त्या हातातलीच. आकुंचनाचा हा परिणाम ज्या स्नायूने काम केलं त्याच्यापुरता असतो. रिश्टर यांनी पुढे माणसांना एकाच पायाने व्यायाम करायला लावून पाहिला होता, आणि नंतर त्याच पायाचे स्नायू इन्शुलिनला जास्त दाद देत होते. दुसरा पाय होता तसाच. मांड्या आणि पोटऱ्या ही मोठी कोठारं, मनगट म्हणजे फडताळ. काकांनी थोडा विचार केला. आता रात्री जेवण झालं की ते काकूंबरोबर इमारतीला तीन फेऱ्या मारतात, गुडघ्याला झेपेल तशा. घड्याळ चार्जिंगला लावून.