आयर्लंडचा स्टडी व्हिसा: १०,००० युरो दाखवायचे कसे आणि पुरवायचे कसे

डब्लिन, कॉर्क, गॉलवे किंवा लिमरिकला शिकायला जाणाऱ्याला खर्चाचे दोन हिशेब मांडावे लागतात. एक व्हिसा अधिकाऱ्यासाठी, दुसरा स्वतःसाठी. पहिल्या हिशेबात राहण्या-खाण्याचे वर्षाला १०,००० युरो दाखवले की काम भागतं. दुसऱ्यात तेवढे सहसा पुरत नाहीत. दोन्ही एकच समजून घरून निघालेल्यांचे पैसे सहाव्या-सातव्या महिन्यातच संपत येतात.

पात्रता

भारतीय पासपोर्ट असेल आणि मुक्काम ९० दिवसांपेक्षा जास्त असेल, तर ‘डी’ प्रकारचा स्टडी व्हिसा लागतो. कोर्स पूर्णवेळ हवा, आठवड्याला किमान १५ तास दिवसाचे वर्ग हवेत आणि तो आयर्लंड सरकारच्या मान्य अभ्यासक्रमांच्या यादीत असायला हवा. फी भरण्याआधी ही यादी स्वतः उघडून कोर्सचं नाव शोधा. कॉलेज यादीत आहे म्हणजे त्याचा प्रत्येक कोर्स आहे, असं नसतं.

पैशांचा पुरावा

राहण्या-खाण्याची किमान रक्कम १ जुलै २०२३ पासून वर्षाला १०,००० युरो आहे. त्याआधी ती ७,००० होती आणि जुन्या व्हिडिओंत अजून तोच आकडा सांगितलेला दिसतो. कोर्स आठ महिन्यांपेक्षा कमी असेल तर महिना ८३३ युरो किंवा एकूण ६,६६५ युरो, यांतली जी रक्कम कमी ती. कोर्स एकाहून जास्त वर्षांचा असेल तर पुढच्या प्रत्येक वर्षाचे १०,००० कुठून येणार, तेही दाखवावं लागतं.

ही रक्कम फीच्या वेगळी. फी ६,००० युरोपर्यंत असेल तर अर्जाआधी पूर्ण भरायची, जास्त असेल तर निदान ६,००० भरायचे. कॉलेजने जास्त मागितले तर तेवढे. समजा फी १८,००० आहे आणि ६,००० भरलेत. मग उरलेली फी १२,००० आणि खर्चाचे १०,००० मिळून २२,००० युरोचा पुरावा जोडायचा. अनेक जण इथे नुसते १०,००० दाखवून मोकळे होतात.

बँक स्टेटमेंट सहा महिन्यांचं, बँकेच्या लेटरहेडवर, खातेदाराचं नाव आणि खाते क्रमांक स्पष्ट दिसेल असं. नेट बँकिंगवरून काढलेली प्रिंट चालवायची तर तिच्या प्रत्येक पानावर बँकेचा शिक्का घ्या आणि ती खरी असल्याचं बँकेचं पत्र जोडा. मुदत ठेव दाखवणार असाल तर ती मुदतीआधी मोडता येते, असं बँकेकडून लिहून घ्या. क्रेडिट कार्डाची मर्यादा पैसे म्हणून धरत नाहीत.

अर्ज सगळ्यात जास्त अडकतात ते अचानक जमा झालेल्या रकमेवर. पाच महिने शिल्लक चाळीस-पन्नास हजार आणि अर्जाच्या दहा दिवस आधी एकदम बारा लाख, असं स्टेटमेंट पाहिलं की अधिकाऱ्याला उसनवारीची शंका येते. रक्कम खरोखर तुमचीच असेल तर लपवू नका. त्या नोंदीसमोर खूण करा आणि मागे कागद लावा: ठेव मोडली असेल तर तिची पावती, जमीन विकली असेल तर खरेदीखत, मामांनी दिले असतील तर त्यांचं पत्र आणि त्यांचंही सहा महिन्यांचं स्टेटमेंट. खर्च आई-वडील किंवा दुसरं कोणी करणार असेल तर नात्याचा आणि त्यांच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो. शैक्षणिक कर्ज असेल तर मंजुरीपत्रावर विद्यार्थ्याचं नाव, रक्कम आणि अटी स्वच्छ दिसायला हव्यात.

अर्ज आणि बाकीचे कागद

अर्ज ‘अव्हाट्स’ या ऑनलाइन प्रणालीत भरायचा. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून तो भरता येतो. शेवटी निघणारा सारांश छापून त्यावर सही करायची आणि ३० दिवसांच्या आत कागदपत्रं व्हिसा अर्ज केंद्रावर द्यायची. तिथेच बोटांचे ठसे घेतात. शुल्क एका प्रवेशासाठी ६० युरो, अनेक प्रवेशांसाठी १००. तिथलं नोंदणी कार्ड (आयर्लंडला पोहोचल्यावर परदेशी रहिवाशांना मिळणारं ओळखपत्र) हातात आल्यावरच देशाबाहेर जाणार असाल तर ६० चा पुरतो, कारण परत येताना ते कार्ड चालतं.

सोबत पासपोर्ट (पोहोचल्यापासून किमान बारा महिने वैध), प्रवेशपत्र, फीची पावती, गुणपत्रिका, इंग्रजी परीक्षेचा निकाल, वैद्यकीय विमा आणि हाच कोर्स का, याचं सहीचं पत्र. विम्यात अपघातासाठी २५,००० आणि आजारासाठी २५,००० युरोचं संरक्षण हवं. शिक्षणात खंड पडला असेल तर त्या काळात काय केलं ते लिहा. पूर्वी कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला असेल तर तेही सांगा. लपवलेला नकार सापडला की अर्ज तिथेच संपतो. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडा. नकार आला तर दोन महिन्यांत विनाशुल्क अपील करता येतं. त्यात पत्रातलं प्रत्येक कारण घेऊन त्याचा कागद द्या. नुसत्या विनंतीने काही हलत नाही.

आता खरा हिशेब

डब्लिनमधली खोली ८५० युरोची धरू. पहिला महिना असा जातो: अनामत ८५०, भाडं ८५०, नोंदणी कार्ड ३००, खोली मिळेपर्यंत चौदा रात्री हॉस्टेलात, ४५ प्रमाणे ६३०, अंथरूण-पांघरूण आणि भांडी २००, खाणं २५०, बस ४८. एकूण ३,१२८. दहा हजारांतले ६,८७२ उरले. त्यांना अकरा महिन्यांनी भागलं की महिन्याला जेमतेम ६२५ येतात, आणि खोलीचं भाडंच ८५०.

म्हणून डब्लिनला जाणाऱ्याने विमानात बसताना पहिल्या दोन महिन्यांसाठी ४,३०० युरो लगेच वापरता येतील असे वेगळे ठेवावेत. उरलेले हप्त्याने मागवले तर रुपया घसरला की भुर्दंड पडतो. त्यासाठी पाच-सात टक्के जास्तीचे धरा.

कायद्याने घरमालकाला अनामत आणि आगाऊ भाडं मिळून दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. पण मालकाच्याच घरातली खोली घेतलीत तर हे संरक्षण लागू नाही. खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नका. विजेचं बिल बहुधा दोन महिन्यांनी येतं, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरच्या हीटरचा फटका जानेवारीत कळतो. विद्यार्थ्याचं लीप कार्ड (बस-ट्रामच्या भाड्याचं कार्ड) मात्र लवकर काढा. डब्लिन शहरात आठवड्याला १२ युरोच्या वर प्रवासखर्च जात नाही. डॉक्टरकडची एक खेप साधारण ५० ते ७० युरो.

‘नोकरी करून भागवू’ हे व्हिसाच्या हिशेबात धरत नाहीत. ‘स्टॅम्प २’वर, म्हणजे विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या राहण्याच्या परवानगीवर, सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, जून ते सप्टेंबर आणि १५ डिसेंबर ते १५ जानेवारीत ४० तास काम करता येतं. किमान वेतन १ जानेवारी २०२६ पासून तासाला १४.१५ युरो, म्हणजे वीस तासांचे २८३. काम मिळायला दोन-तीन महिनेही लागतात. पीपीएस नंबर (करासाठी आणि सरकारी सेवांसाठी लागणारा तिथला ओळख क्रमांक) मालकाला देण्याआधी पगार निघाला तर ४० टक्के दराने आयकर कापला जातो. तो परत मिळतो, पण नेमकी त्या महिन्याच्या भाड्याची अडचण होते.

आणि बेलफास्ट याच बेटावर, बसने दोन तासांवर असलं तरी तो ब्रिटन आहे. चलन पाऊंड, व्हिसा वेगळा. सीमेवर चौकी दिसत नाही म्हणून व्हिसाशिवाय गेलात तर तो बेकायदा प्रवेशच ठरतो.